पिटुकलीचा पाव

१२ जानेवारी

बाबा,

नमस्कार आधीच करून ठेवते, कारण अर्ध्या पत्रात तुम्ही रागावणार आणि मग नमस्कार वाया जाणार. फोन करणार होते. पण फोनवर तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्या कानानं तुम्ही ऐकून घेत नाही. म्हणून लिहायला बसले.

पिटुकलीचे रिपोर्ट आले. शाळेत दरवर्षी मुलांची उंची-वजन घेतात. या वेळी शाळेच्या नर्सबाईंनी मला बोलावून घेतलं. भिंतीवरच्या पट्टीवर दोन वर्षांपूर्वीची खूण दाखवली, आत्ताची दाखवली. मध्ये जेमतेम बोटभर जागा. म्हणाल्या, "घरात सगळे बुटकेच का?" मी म्हटलं, माझे वडील बेकरीच्या दारातून वाकून आत जातात. मग त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं रक्त तपासलं, तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. तुम्हाला तेव्हा मी 'पोट बिघडलंय' एवढंच सांगितलं होतं.

आजाराचं नाव सीलिॲक. गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिवट पदार्थ असतो. पीठ मळलं की जे रबरासारखं ताणलं जातं, तुम्ही ज्याला 'पिठाचा जीव' म्हणता, तेच ते. पिटुकलीला ते सोसत नाही. ते पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडायला लागतं, आतलं अस्तर झिजतं आणि मग काहीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. बाबा, मी औषधाच्या दुकानात काम करते. दुकानातली एकूणएक टॉनिकं मी या पोरीला पाजली. भुकेचं, उंचीचं, रक्त वाढायचं. आणि रोज सकाळी दुधात बुडवून तुमचे दोन टोस्ट. आपण तिला कौतुकानं पिटुकली म्हणत राहिलो आणि ती पिटुकली का राहिली हे कुणी विचारलं नाही.

यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू बंद, जन्मभर. पाव, टोस्ट, बिस्किट, मैदा, रवा, सगळं. कणसुद्धा चालत नाही.

म्हणून दोन गोष्टी. टोस्टचं पार्सल आता पाठवू नका. आणि तुम्ही एकदा रक्त तपासून घ्या. हे रक्ताच्या नात्यातून उतरतं. काहींच्यात नुसतं झोपून राहतं, काहींच्यात जागं होतं. आम्ही दोघांनी तपासलं, आम्हाला आजार नाही. पण यांच्याकडे तीन पिढ्यांत कुणी पोट धरून बसलेलं नाही, आणि तुम्ही मात्र मला आठवतंय तेव्हापासून जेवलात की पोट चोळता.

रागावू नका. रागावलातच तर लिहून रागवा.

तुमची
ठकू


१९ जानेवारी

ठकू,

रागावलो. तुझ्या हुकमाप्रमाणे लिहून रागावतोय.

ही भट्टी माझ्या आजोबांनी बांधली. या गल्लीतली निम्मी पोरं आपल्या पावावर वाढली. समोरच्या न्हाव्याचा मुलगा बघ, आमचे टोस्ट खाऊन असा ताडमाड झालाय की बापाला त्याचे केस कापायला स्टूल लागतं. गव्हानं माणूस आजारी पडतो म्हणजे पाण्यात मासा बुडाला म्हणण्यातला प्रकार झाला. काहीतरी नवीन खूळ काढतात आणि तुम्ही शिकलेली माणसं लगेच माना डोलवता.

माझं ऐक. तुमच्याकडचं पीठच खराब असणार. कोण कुठलं, कधी दळलेलं, त्यात काय काय घातलेलं. मी माझ्या हातानं पोतं उघडतो, मुठीत घेऊन वास घेतो आणि मगच मळतो. मिस्त्रीलाही विचारलं. तुला माहीत आहे, मिस्त्री कधी माझ्या बाजूनं बोलत नाही, इतकी वर्षं भट्टी सांभाळतोय पण रोज माझ्याशी वाद. तोसुद्धा म्हणाला, मालक, हे काही पटत नाही.

टोस्ट पाठवतोय. लोणी जरा सढळ हातानं घातलंय. पोरीला म्हणावं, आजोबांच्या हातचे आहेत, बिनधास्त खा.

राहिलं माझं रक्त. मला काय धाड भरलीय? पोट गुडगुडतं ते चहानं. हाडं दुखतात ती वयानं. रक्त कमी आहे, ते तर पहिल्यापासूनच कमी. आमचा डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतो, मी खातो, रक्त जिथल्या तिथं. आता आम्हा दोघांनाही त्याची सवय झालीय.

जावईबापूंना आशीर्वाद. पिटुकलीला पापा.

बाबा


८ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पार्सल मी उघडलं नाही, तसंच शेजारच्या वहिनींना देऊन टाकलं. निदान मला तसं वाटलं होतं.

काल पिटुकलीचं दप्तराचं कपाट आवरायला घेतलं. जुन्या वह्यांच्या मागे तुमच्या टोस्टचा पुडा. अर्धा संपलेला. पार्सल दाराशी आलं तेव्हा मी दुकानात होते, तिनं आधीच वरचा पुडा काढून पार्सल परत होतं तसं बांधून ठेवलं होतं. मी ओरडले. खूप ओरडले, खोटं कशाला सांगू. ती रडली नाही. म्हणाली, "मला आवडतात म्हणून नाही खाल्ले. पोट दुखतं मला. पण आजोबांनी मुद्दाम लोणी घातलंय ना. कुणीच नाही खाल्ले तर त्यांना वाईट वाटेल."

नऊ वर्षांची पोर, बाबा. पोट दुखतंय हे कळत असून खात होती. यापुढे मी तुम्हाला काय सांगू?

तुमच्या पिठात खोट नाही. जगातलं सगळ्यात चोख पीठ असलं तरी तिला ते चालणार नाही. हे तिच्या जन्मापासून तिच्यात आहे, आणि बहुतेक माझ्याकडून आलंय, आणि माझ्याकडे कुठून आलं ते तपासल्याशिवाय कळायचं नाही. यात कुणाचा दोष नसतो. डोळ्यांचा रंग उतरतो तसं हेही उतरतं.

डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, तो तुम्हाला विचारते. "घरात लहानपणी वाळून गेलेलं कुणी मूल होतं का?" मला एकदम बेकरीच्या गल्ल्यामागचा तो फोटो आठवला. तुम्ही अर्ध्या चड्डीत उभे आणि तुमच्या शेजारी स्टुलावर बसवलेली धाकटी आत्या. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. बाबा, आत्या कशानं गेली? तुम्ही कधीच सांगत नाही.

ठकू


१४ फेब्रुवारी

ठकू,

टोस्ट पाठवणार नाही. पोरीला म्हणावं आजोबांना अजिबात वाईट वाटत नाही.

धाकटी तापानं गेली. हा विषय पुन्हा काढू नकोस.

बाबा


१० मार्च

ठकू,

सोबतचं पार्सल बघून बॉम्ब असल्यासारखं फेकून देऊ नकोस. आधी वाच.

तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, थोडा साबुदाणा दळून, अंडी आणि दही. गव्हाचा कण नाही. हे सगळं खाली बेकरीत केलेलं नाही. वरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, नव्या भांड्यात, नव्या साच्यात, आणि तुझ्या आईची ती लहान विजेची भट्टी आहे ना, ती घासूनपुसून तिच्यात. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वर बसतो. मिस्त्री म्हणतो, मालकांनी संन्यास घेतला.

पहिला पाव झाला तो पाव नव्हता, वीट होती. खरंच सांगतो, मिस्त्रीनं मागचं दार आपटू नये म्हणून लावून ठेवलाय, अजून तिथंच आहे. दुसरा फुगला आणि बाहेर काढल्या काढल्या रुसल्यासारखा मध्ये बसला. तिसरा सुरीला चिकटला तो सुटेचना. आयुष्य पिठात गेलं माझं, झोपेत मळून देईन, आणि या पांढऱ्या भुकटीपुढं मी शिकाऊ उमेदवार झालो. पिठाला जीवच नाही ना. हातात येतच नाही. पण आता जमलंय. हा दहावा की अकरावा, मोजायचं सोडलं. वरून जरा भेगाळलाय, आतून मऊ आहे. दाबून बघ.

पिटुकलीनं खाल्ला तर कळव. नाही आवडला तरी कळव. आणि सुट्टीत तिला इकडं धाडणार आहेस की नाही तेही.

बाबा


२ एप्रिल

बाबा,

आवडला! पोरगी स्वयंपाकघरात नाचली. पहिला तुकडा तिनं हातात धरून नुसता दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि मग मला म्हणाली, "आई, हा परत वर येतो!" मी मोरीत जाऊन रडून घेतलं. यांनी विचारलं तर कांदा चिरत होते म्हणाले, आणि घरात कांदा नव्हता.

खाऊन काहीही त्रास नाही. उलट वजन वाढतंय. केस गळायचे थांबलेत. परवा जिना चढताना माझ्या पुढं धावली. रक्तातला जो आकडा वाढला होता तो हळूहळू उतरतोय. आणि चिडचिड गेली, बाबा. मला वाटायचं स्वभावच किरकिरा आहे पोरीचा. पोट दुखत होतं तिचं, इतकी वर्षं.

सुट्टीत पाठवते. माझी दुकानातली बाई आजारी आहे, मला राहता येणार नाही. मी तिला सोडून परत येईन आणि पंधरा दिवसांनी न्यायला येईन. तिचं जेवण वरच, वेगळ्या भांड्यात, तुम्ही जसं करताय तसंच. मला आता काळजी वाटत नाही. खरं सांगू? आईच्या मागे पहिल्यांदा मला असं वाटतंय की माहेरी कुणीतरी माझी वाट बघतंय.

रक्त तपासलंत का? टाळू नका.

ठकू


९ जून

बाबा,

परत आल्यावर लगेच लिहिणार होते. शब्द सापडेनात. अजूनही धड सापडलेले नाहीत.

मी न्यायला आले तेव्हा पिटुकली वरच्या खोलीत खाटेवर पडून होती. डोळे आत गेलेले, पोट टम्म. आणि तुम्ही म्हणालात, "ऊन बाधलं असेल." आदल्या रविवारी फोनवर मला काय सांगितलं होतंत? "मजेत आहे, भट्टीपाशी लुडबुडतेय." तेव्हाही तिला जुलाब होत होते. तिनंच मला गाडीत सांगितलं. मला कळवलं असतंत तर मी त्याच रात्री गाडीत बसले असते.

मी तेव्हा तुम्हाला काही बोलले नाही, कारण मला स्वतःला कळत नव्हतं हे झालं कसं. तुम्ही शपथेवर सांगत होता की गव्हाचा कण तिच्या पोटात गेलेला नाही. मग निघायच्या दिवशी सकाळी ती जरा सावरून तुमच्याबरोबर खाली गेली आणि मी जिन्यावरून बघत उभी राहिले. तिला भट्टीतला खरा पाव हवा होता, तुमच्या शेजारी उभं राहून वळायचा होता, म्हणून तुम्ही खालचं मळायचं टेबल गरम पाण्यानं धुवून दिलं होतंत. मिस्त्रीनं भट्टीही पुसली होती. त्या सकाळीही तुम्ही टेबल धुतलंत. तांदळाचं पीठ घेतलंत. तिच्याशी गप्पा मारत होतात. आणि गोळा टेबलावर टाकायच्या आधी तुमचा हात बाजूच्या डब्यात गेला आणि तुम्ही चिमूटभर मैदा टेबलावर भुरभुरलात. गोळा चिकटू नये म्हणून. तुमचं लक्ष तिच्या तोंडाकडं होतं.

मी तो पाव उचलून टाकून दिला. तुम्हाला वाटलं मला राग आलाय. तो राग नव्हता, बाबा. तुमच्याकडं बघवत नव्हतं.

रक्त तपासलं. उतरलेला आकडा परत चढलाय. वाढलेलं सगळं वजन गेलं. डॉक्टर म्हणतात, भरून येईल, वेळ लागेल.

तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला कळतं. पण पोर आता ताटात काहीही वाढलं की विचारते, "यात नाही ना?" भातालासुद्धा विचारते. तिला मी तुमच्याकडं पुन्हा पाठवू शकत नाही. पुढच्या सुट्टीतही नाही. मलाच हे लिहिताना कसंतरी होतंय, पण हे असंच आहे.

ठकू


२८ जुलै

ठकू,

पत्राला उशीर झाला. आधी विश्वास बसला नाही, मग राग आला, मग दवाखान्यात हेलपाटे घातले. क्रमानं सांगतो.

तुझं पत्र वाचून मी मिस्त्रीला म्हटलं, पोरगी माझ्यावर भलताच आळ घेतेय. मी काय दुधखुळा आहे? मिस्त्री वाद न घालता टेबल पुसायला लागला. त्यानं वाद घातला नाही की मला भीती वाटते. मी म्हटलं, उभा राहा इथं, बघ. टेबल धुतलं, तांदळाचं पीठ मळलं, डोळ्यांत तेल घालून, एकेक गोष्ट बघत. गोळा टेबलावर टाकला. म्हटलं, झालं? दिसलं कुठं काही? मिस्त्रीनं नुसतं बोट दाखवलं. गोळ्याखाली पांढरं. मैद्याच्या डब्याचं झाकण उघडं. ठकू, तुला खरं सांगतो, मी तो डबा उघडल्याचं मला आजही आठवत नाही. पापणी लवते तसं झालं. मी पोत्यावर बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. गिऱ्हाइकं मिस्त्रीनं बघितली.

हाच तो हात, ज्याचा मी जन्मभर तोरा मिरवला. झोपेत मळून देईन म्हणायचो ना. दिलं मळून.

दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त दिलं. मग दुर्बीणही झाली. मलाही तेच आहे. डॉक्टर पोरगी तुझ्याच वयाची असेल. म्हणाली, आजोबा, किती वर्षं त्रास होतोय? मी म्हटलं, बाई, बरं वाटणं म्हणजे काय ते मला कुठं माहीत आहे, त्रास कधी सुरू झाला ते मी काय सांगू? जेवलं की पोट दुखतं, असंच सगळ्यांचं असतं असं मला वाटायचं. रोज उठून पोटभर तेच खात होतो जे मला खात होतं.

आता तू विचारलं होतंस ते सांगतो.

धाकटी शेवटी तापानं गेली हे खरं आहे. पण त्याआधी वर्षभर ती वाळत चालली होती. खाल्लेलं ठरायचं नाही. वडील म्हणाले, पोरीच्या पोटात मऊ काहीतरी जाऊ दे. ते काम माझ्याकडं होतं. मी पहाटेच्या पहिल्या घाण्यातला सगळ्यात चांगला पाव काढून ठेवायचो. कडा सोलून टाकायच्या, आतला मऊ गाभा कोमट दुधात भिजवायचा आणि तिला भरवायचा. तो गाभा मी स्वतः कधी चाखला नाही, तिच्या वाट्याचा म्हणून. ती तोंड फिरवायची. मी चिऊचा घास, काऊचा घास करायचो. तरी फिरवायची. मग मी म्हणायचो, "माझ्यासाठी. दादासाठी एक." मग खायची. जितकी वाळत गेली तितका मी जास्त भरवत गेलो. शेवटच्या आठवड्यातही.

मी डॉक्टर पोरीला विचारलं, धाकटीलाही हेच होतं का? म्हणाली, शक्य आहे, पण आता खात्रीनं सांगता येणार नाही, आणि तेव्हा कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मी दोष देत नाही, ठकू. मी लहान होतो, मला काय कळत होतं. पण ती तोंड फिरवायची ते आठवतं. ती सांगत होती. तिला तेवढ्यापुरतं सांगता येत होतं आणि मी काऊचा घास करत होतो. तुझ्या पत्रात पिटुकलीनं टोस्ट लपवून खाल्ल्याचं वाचलं तेव्हाच मला धाकटी दिसली होती. म्हणून तर तुला तसं तुटक लिहिलं.

तुला पोरगी आजारी असल्याचं का कळवलं नाही? भीती वाटली. तू येऊन तिला घेऊन जाशील आणि पुन्हा पाठवणार नाहीस, अशी. झालं तेच.

डॉक्टर म्हणाली, बेकरीत काम करू नका, पीठ हवेत उडतं, नाकातोंडात जातं. भट्टी मिस्त्रीला चालवायला दिली. पाटीवर नाव आपलंच आहे, राहू दे म्हणाला. मी पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्यात. तिथं गव्हाचं पीठ कधी आलेलं नाही आणि येणार नाही. बेकरीतले कपडे, चपलासुद्धा आणल्या नाहीत. सकाळी जाग येते नेहमीच्या वेळी आणि मग काय करायचं ते कळत नाही. शेजारची बाई विचारत होती, काका, तुम्ही एवढ्या पहाटे गॅलरीत का उभे असता? मी म्हटलं, वास घेतो. खालून वारा आला की आपल्या पावाचा वास येतो.

पाव करून बघेन कधीतरी. जमला तर पाठवतो. फेकून दिलास तरी मला राग येणार नाही.

बाबा


३ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

तुमचा पाव मिळाला. पाव खूप छान होता. मऊ होता. मी सगळा खाल्ला.

शाळेत रांगेत मी आधी सगळ्यात पुढं उभी राहायचे. आता माझ्यापुढं चौघीजणी आहेत. नर्सबाई म्हणाल्या अशीच वाढलीस तर वर्गाचा पंखा पुसायला तुलाच बोलवू. मला आता पिटुकली म्हटलं नाही तरी चालेल. म्हटलं तरी चालेल.

आई म्हणाली तुम्हालाही माझ्यासारखंच आहे. तुमचं पण पोट दुखायचं? मग तुम्ही कुणाला का सांगितलं नाही?

तुमची
पिटुकली

बाबा, खाली मी लिहितेय. तिनं चिठ्ठी पाकिटात घालायला दिली, मी वाचली. वाचल्यावर तशीच धाडायची की नाही, याचा दोन दिवस विचार केला. तुम्हाला आता काही लपवून ठेवायचं नाही असं ठरवलंय.

तिनं पाव खाल्लेला नाही. कपाटात ठेवलाय, वह्यांच्या मागे, त्याच जागी. रोज शाळेतून आली की कागद उघडते, वास घेते, परत बांधते. आता त्याला बुरशी यायला लागलीय. मी विचारलं, तर म्हणाली, "भीती वाटते. पण खाल्ला असं आजोबांना सांग, त्यांनी बेकरी सोडली ना माझ्यासाठी." मी तिला खा म्हणाले नाही. माझ्या तोंडून निघेना. मलाही भीतीच वाटते, बाबा. तुमच्या हाताची वाटते, आणि असं वाटतं याची लाज वाटते.

ठकू


११ ऑक्टोबर

ठकू,

खरं लिहिलंस, फार बरं केलंस. तो बुरसलेला पाव आज टाकून दे. तिच्या समोर टाक, लपवून नको.

पोरीला सांग, आजोबांनी चिठ्ठी वाचली. उंच झाली ते वाचून आनंद झाला, पंखा पुसायला जाताना स्टूल नीट धर म्हणावं. पाव खाल्ला नाही हेही आजोबांना कळलं, आणि आजोबा रागावले नाहीत. भीती वाटली म्हणून खाल्ला नाही, शहाणी आहे. बेकरी तिच्यासाठी सोडलेली नाही, माझ्या स्वतःच्या पोटासाठी सोडलीय, हेही सांग. तिच्या डोक्यावर हे ओझं ठेवू नकोस. तिनं विचारलंय, पोट दुखायचं तर सांगितलं का नाही. याचं उत्तर मला येत नाही. आलं की तिला तोंडानं सांगेन.

दोन महिने मी तोच पाव खातोय. सकाळ-संध्याकाळ, दुसरं जवळजवळ काही नाही. आता कणभर जरी गहू पोटात गेला तरी माझं पोट लगेच बोंब मारतं. सुरुवातीला एकदा मारलीच. शोधून काढलं, तांदळाचं पीठ गिरणीतून आणलं होतं, जिथं गहूही दळतात. आता तांदूळ घरीच दळतो. तेव्हापासून पोट शांत आहे. आयुष्यात पहिल्यांदाच जेवून उठल्यावर पोटावर हात जात नाही. मिस्त्री म्हणतो, मालक, तुमची चाल बदलली.

शनिवारी मी येतोय. साचा, पीठ, भांडी सगळं बरोबर घेऊन. तुझ्याच ओट्यावर, तुझ्या डोळ्यांसमोर करीन. तू शेजारी उभी राहा आणि माझ्या हातांकडं बघ. माझ्या तोंडाकडं बघू नकोस, हातांकडंच बघ. मला राग येणार नाही.

पाव झाला की पहिला तुकडा मी खाईन. पिटुकली समोर बसेल, मी खाईन. मग पत्ते खेळू. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच खाईन. धाकटीला मी नेहमी आधी भरवलं, स्वतः कधी चाखून बघितलं नाही. आता आधी मी.

त्यानंतर पोरीला वाटलं तर ती खाईल. "आजोबांसाठी एक घास" असं कुणीही म्हणायचं नाही. तूही नाही, जावईबापूही नाहीत, मी तर नाहीच. आणि तिनं तोंड फिरवलं, तर फिरवू द्यायचं.

बाबा